म्युझिक प्लेअर घेताय? आधी त्याचं सॉफ्टवेअर बघा

खिशात मावणारा वेगळा म्युझिक प्लेअर आता कोण घेतं असं वाटेल, ॲपलने तर मे २०२२ मधे आयपॉड बंदच केला. पण घेणारे आहेत. मला विचारणारे बहुतेक शास्त्रीय, नाट्यसंगीत, भजनं ऐकणारे असतात, ज्यांच्याकडे स्वतःच्या सीडी आहेत, कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या मैफिली आहेत, आणि त्यातलं बरंचसं स्ट्रीमिंगवर शोधून मिळत नाही. पहिला प्रश्न ठरलेला, आवाज कुठल्याचा चांगला? माझ्या मते तो दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला हा, की गाणी त्यात जाणार कशी आणि गेल्यावर सापडणार कशी.

आवाजाचं आधी सांगून टाकतो. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं, प्रत्येक माप १६ बिटचं. एवढ्या मापांतून जवळपास २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज जसाच्या तसा परत उभा करता येतो, आणि माणसाचा कान तरुणपणीसुद्धा २० च्या आसपास थांबतो, वय वाढलं की अजून खाली येतो. १६ बिटमुळे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर ठेवता येतं, घरात किंवा लोकलमधे ऐकणाऱ्याला ते भरपूर झालं. त्यामुळे खोक्यावर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ छापलंय म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका. २४ बिटचा उपयोग रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करणाऱ्यांना खरंच होतो, ऐकताना फरक पडतो तो हेडफोनने.

एमपीथ्रीला लोक उगाच नावं ठेवतात. सीडीचा डेटा सेकंदाला १,४११ किलोबिट असतो आणि १२८ च्या एमपीथ्रीमधे त्याचा अकरावा हिस्सा उरतो. बाकीचा जातो कुठे, तर कुकरची शिट्टी चालू असताना शेजारी कोणी कुजबुजलं तर आपल्याला ऐकूच येत नाही ना, तसे मोठ्या आवाजाखाली दडणारे बारीक आवाज एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर, हिशोब करून कमी बिटमधे बसवतो किंवा टाकूनच देतो. अडचण येते चिपळ्या, टाळ अशा एकदम फुटणाऱ्या आवाजांना, तिथे कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला कमी किलोबिट असले की, ठोक्याच्या किंचित आधीच एक खरखर ऐकू येते. ३२० ला ते ओळखणं बहुतेकांना जमत नाही. तरी सीडी कॉम्प्युटरवर घेताना फ्लॅक या फॉरमॅटमधेच घ्या, त्यात काहीच फेकलं जात नाही आणि जागा मूळच्या साधारण अर्धी-पाऊण लागते. प्लेअरसाठी त्यावरून एमपीथ्री कधीही बनवता येते, उलटं जमत नाही.

आता मुख्य मुद्दा. प्लेअर तुमचे फोल्डर बघून यादी बनवत नाही, बहुतेक प्लेअर गाण्याच्या फाईलमधे लपलेला टॅग वाचतात, म्हणजे नाव, गायक, अल्बम, ट्रॅक नंबर. १९९६ चा सगळ्यात जुना टॅग फाईलच्या शेवटी फक्त १२८ बाइटचा असायचा आणि त्यात गाण्याच्या नावाला जागा ३० बाइट. देवनागरीची त्यात सोयच नव्हती, आणि कोणी कोंबायचं ठरवलं तरी यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजून. ‘ज्ञानेश्वर’ लिहा, ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र अशी १० चिन्हं होतात, म्हणजे बरोबर ३० बाइट, जागा संपली, माऊली लिहायलासुद्धा काही उरलं नाही! पुढच्या आवृत्तीच्या टॅगमधे सगळ्या लिप्या लिहिता येणारं युनिकोड आलं आणि जागेचा प्रश्न मिटला, पण स्वस्त प्लेअरमधे अजूनही देवनागरीचा फाँट नसतो, चौकोन दिसतात, किंवा फाँट असतो पण जोडाक्षरं जुळत नाहीत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. म्हणून दुकानात जाताना मराठी टॅग असलेल्या दोन-चार फाईल कार्डवर घेऊन जा आणि स्क्रीनवर बघा.

टॅग लिहायला एमपीथ्रीटॅग चांगलं आहे, म्युझिकब्रेन्झ पिकार्ड आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखायचा प्रयत्न करतं, पण खाजगी मैफिलीचं नाव ते कुठून आणणार, ते आपल्यालाच टाईप करावं लागतं. भीमसेन जोशी एकदा पंडित लावून, एकदा न लावता, एकदा रोमन लिपीत असं लिहिलंत तर प्लेअरला ते तीन गायक वाटतात. आणि तबलजी-पेटीवाल्यांची नावं गायकाच्या रकान्यात भरलीत की एकाच मैफिलीचे तुकडे होतात, तेव्हा ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना वेगळा भरायचा.

दुसरी कसोटी गॅपलेसची, म्हणजे एक ट्रॅक संपून दुसरा लागताना मधे खंड न पडण्याची, शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी ही फारच महत्त्वाची आहे. बडा ख्याल एका ट्रॅकवर आणि छोटा ख्याल पुढच्या, मधे तानपुरा अखंड चालू, आणि प्लेअर नेमका तिथे हिसका देतो. कारण असं की एमपीथ्री आवाजाचे १,१५२ मापांचे ठोकळे करते, एकेक साधारण २६ मिलिसेकंदांचा, गाणं काही त्या मापात संपत नाही, म्हणून शेवटचा ठोकळा शांततेने भरला जातो, सुरुवातीलाही थोडी शांतता घुसते. लेमसारखा एन्कोडर ही भर नेमकी किती ते फाईलमधे लिहून ठेवतो, प्लेअरने ते वाचून तेवढं कापायचं असतं, बरेचसे वाचतच नाहीत. फ्लॅकमधे ही भर नसते, तरी पुढची फाईल आधीच उघडून ठेवायचं काम प्लेअरचंच. तानपुरा चालू असलेले असे दोन ट्रॅक लावून ऐका, अर्ध्या मिनिटात निकाल लागतो.

राहिला प्रश्न गाणी भरायचा. १९९८ चा रिओ पीएमपी३०० हा सुरुवातीचा प्लेअर घ्या, ३२ एमबी, म्हणजे १२८ च्या दर्जाची जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. २००१ च्या आयपॉडमधे ५ जीबी आले आणि ॲपलच्या आयट्यून्स या सॉफ्टवेअरने यादी, टॅग, सिंक सगळं एका जागी आणलं, ते सोपं होतं हे मान्यच, पण सुरुवातीला फक्त मॅकवाल्यांना, विंडोजसाठी आयट्यून्स २००३ मधे आलं. आणि आयपॉडमधे गाणी लपवलेल्या फोल्डरमधे चार अक्षरी अगम्य नावांनी साठायची, विकत घेतलेली सोडून बाकीची परत कॉम्प्युटरवर घ्यायची सोय आयट्यून्समधे नव्हती. कॉम्प्युटर बिघडला की लोक अडकायचे. म्हणून मी तरी आज असाच प्लेअर सुचवेन ज्यात मायक्रोएसडी कार्ड निघतं, ते कार्ड रीडरमधे घालायचं, फाईल ओढून टाकायच्या, विंडोज असो, मॅक असो की लिनक्स. कॉम्प्युटरवर फूबार२००० हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर ठेवा, त्यात रिप्लेगेन पण आहे, म्हणजे प्रत्येक गाणं कानाला किती मोठं लागतं ते मोजून आकडा टॅगमधे लिहितं, मूळ आवाजाला हात लावत नाही. जुनी ध्वनिमुद्रिका आणि नवं भावगीत मागोमाग आलं की आवाज खालीवर करत बसावं लागत नाही. मात्र प्लेअरने हा आकडा वाचायला हवा, तेही विचारून घ्या.

आणि एक, स्टार रेटिंग, कितीदा ऐकलं याचा हिशोब, प्लेलिस्ट हे बरीच सॉफ्टवेअर फाईलमधे न लिहिता स्वतःच्या डेटाबेसमधे ठेवतात. मेहनत करून रेटिंग द्यायला बसण्याआधी सेटिंगमधे ते फाईलच्या टॅगमधे लिहायचा पर्याय आहे का बघा, आणि प्लेलिस्ट एमथ्रीयू, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येणारी साधी यादीची फाईल, म्हणून बाहेर काढता येते का तेही.