नगरधनच्या विहिरीतला डिसेंबर

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, किल्ला बघायला जाणाऱ्याला नागपुरात शहाणं म्हणत नाहीत. तरी गेलो. डोक्याला दुपट्टा, खिशात आईने कोंबलेला कांदा (त्याने ऊन लागत नाही याला पुरावा नाही, पण आईशी वाद कोण घालणार), आणि शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर रामटेकजवळचं नगरधन. वाकाटक या प्राचीन राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असं मानतात. परिसरातल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्राही सापडली आहे. आज उभा दिसतो तो किल्ला मात्र मुख्यतः नागपूरकर भोसल्यांच्या काळातला.

दरवाजातून आत शिरलो आणि तटाच्या सावलीत टेकलो. भिंत गार! दगडातून उष्णता फार सावकाश सरकते. अर्धा मीटर जाडीची दगडी भिंत ओलांडायला दुपारच्या उन्हाला दहा-बारा तास लागतात, आणि पलीकडे पोचेपर्यंत त्याचा जोर विसाव्या हिश्शावर येतो. म्हणजे जुन्या वाड्यात दुपारी जाणवतो तो आदल्या पहाटेचा गारवा. दुपारची धग आत पोचते मध्यरात्री, तोवर माणसं बाजा टाकून अंगणात झोपलेली.

खरी मजा विहिरीत. पायऱ्या उतरून गेलं की जमिनीखाली देवीचं देऊळ लागतं. वर अंग भाजत होतं, इथे घाम सुकला. मातीतून जाणाऱ्या ऋतूंच्या लाटेचं गणित भिंतीसारखंच, फक्त तासांऐवजी महिन्यांचं. सहा-सात मीटर खोलीवर ती जवळजवळ सहा महिने उशिरा पोचते. मे महिन्यात तिथे डिसेंबर आलेला असतो! अर्थात वाटेत इतका विरलेला, की फरक अर्ध्या अंशाचाही उरत नाही. तिथली माती वर्षभराची सरासरीच धरून बसते, नागपूरकडे 27-28 अंशांच्या आसपास. शिवाय थंड हवा जड. हिवाळ्याच्या रात्री ती विहिरीत उतरते आणि पाणी, दगड गार करून जाते. उन्हाळ्याची हलकी हवा मात्र वरच तरंगते, तिला खाली शिरताच येत नाही.

तेच 27 अंश जानेवारीच्या पहाटे, बाहेर पारा 10-12 वर असताना, कोमट लागतात. तेव्हा विहिरीतून काढलेल्या बादलीतून वाफा निघतात.