कोठडीतल्या मृत्यूची चौकशी कोणी करायची? परभणी प्रकरणाची पार्श्वभूमी

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ आणि मग धरपकड. पकडलेल्यांत कायद्याचा एक विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मरण पावला. मुख्यमंत्र्यांनी हिवाळी अधिवेशनात त्याला श्वसनाचा आजार असल्याचे सांगितले. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद होती.

परभणीकरांना यात नवे काही नव्हते. मुंबईतल्या घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये इथल्याच एका सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक झाली होती. औरंगाबादला नेताना जीपला अपघात झाला आणि तो पळाला, असे जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले. तो कोठडीतच मेल्याचा आरोप झाला, पण मृतदेह कधीच मिळाला नाही. सीआयडीने १४ पोलिसांवर ठपका ठेवला, सरकारने खटल्याला मंजुरी दिली ती फक्त चौघांविरुद्ध.

पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातच होते. म्हणजे कोठडीत काय चालते हे इंग्रज सरकारलाही ठाऊक होते. पुढे राज्यघटनेने अनुच्छेद २० ते २२ मध्ये स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा, जगण्याचा आणि अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क दिला. हक्क कागदावर आले, पण ते मोडले तर तपास कोणी करायचा, हा प्रश्न उरलाच. १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले, त्याचीच याचिका झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये अटकेबाबतच्या ११ सूचना मिळाल्या: अटक पंचनामा, नातेवाइकांना कळवणे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी वगैरे.

मृत्यूची चौकशी मात्र तेव्हाही कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडेच होती. हा दंडाधिकारी म्हणजे तहसीलदार किंवा प्रांताधिकारी; तो पोलीस निरीक्षकासोबत रोज बंदोबस्ताच्या बैठकीला बसतो. त्याच्या अहवालावर कोणाचा विश्वास बसणार? २३ जून २००६ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ मधील दुरुस्तीने कोठडीतील मृत्यूची, आणि बेपत्ता होण्याचीही, चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे न्यायालयातल्या दंडाधिकाऱ्याकडे, सोपवली. हा माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल.

१ जुलै २०२४ रोजी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलम १७६ चे १९६ झाले आणि जुनी त्रुटीही जशीच्या तशी सोबत आली. दंडाधिकाऱ्याने अहवाल दिल्यावर पुढे काय करायचे, हे दोन्ही कायद्यांत कुठेच लिहिलेले नाही. परभणी प्रकरणात चौकशी अहवालाने पोलिसांना जबाबदार धरले, तरी गुन्हा नोंदवला गेला नाही. मृताच्या आईला औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य सरकार दिल्लीला गेले, पण ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला.

गुन्हा नोंदवला तरी तो सिद्ध करायचे ओझे फिर्यादी पक्षावरच राहते, आणि कोठडीतले साक्षीदार बहुधा पोलीसच असतात. कोठडीत इजा झाली तर ती संबंधित अधिकाऱ्यानेच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ मध्येच ११३ व्या अहवालात केली होती. पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही तिला जागा मिळालेली नाही.