बीपीए आणि थॅलेट : गल्लत करू नये अशी दोन रसायनं

डब्यावर 'बीपीए-फ्री' दिसलं की प्लॅस्टिकमधलं हार्मोन बिघडवणारं रसायन यात नाही, असं आपण धरून चालतो. पण तो शिक्का फक्त बीपीएबद्दल बोलतो. थॅलेटबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि ही दोन रसायनं ना एका जागी सापडतात, ना शरीरात एकच काम करतात.

बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए. कडक, काचेसारखं पारदर्शक पॉलिकार्बोनेट त्यापासूनच बनतं. पाण्याचे २० लिटरचे निळे जार बरेचदा याचे असतात. पत्र्याच्या डबाबंद खाद्यपदार्थांना आतून दिलेल्या इपॉक्सी लेपातही ते असतं, आणि दुकानातल्या गुळगुळीत थर्मल बिलांवर तर सुटंच, म्हणून बोटांना लागतं. पातळ, चुरगळणारी पाण्याची बाटली मात्र पीईटी या वेगळ्या प्लॅस्टिकची. तिच्यात बीपीए वापरतच नाहीत.

थॅलेट मऊपणासाठी असतात. मुळात कडक असलेलं पीव्हीसी त्यांच्यामुळे लवचिक होतं : रेक्झिन, नळ्या, मऊ खेळणी. ते प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेले नसल्याने हळूहळू बाहेर पडतात, तेलकट पदार्थात तर लवकर. सुगंध टिकावा म्हणून अत्तरं, लोशन यांतही काही थॅलेट घालतात, आणि लेबलवर बहुधा नुसतं 'परफ्यूम' एवढंच असतं. ग्राहकाला यापुढे काही कळूच नये, हे मला अन्यायाचं वाटतं.

खरा फरक शरीरात आहे. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा संदेश घेणाऱ्या पेशींतल्या रिसेप्टरला बीपीए जाऊन चिकटतं, म्हणजे हार्मोनची नक्कल करतं. हा गुण १९३६मध्येच दिसून आला होता. डीईएचपीसारखे थॅलेट मुख्यतः नक्कल करत नाहीत. ते टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-हार्मोन तयार होण्यातच अडथळा आणतात. गर्भार उंदरिणींना ते दिल्यावर नर पिल्लांच्या जननेंद्रियांची वाढ बिघडते. माणसांतही गर्भारपणातल्या थॅलेटच्या प्रमाणाशी मुलग्यांमधल्या अशा बदलांचे संबंध काही अभ्यासांत दिसले आहेत, पण संबंध म्हणजे सिद्ध झालेलं कारण नव्हे.

नियमही वेगवेगळे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा २० हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेला हा आकडा पटला नाही, आणि तो वाद अभ्यासकांमध्ये खुला आहे. थॅलेटवरचे निर्बंध मुख्यतः खेळण्यांपासून सुरू झाले : अमेरिकेत २००८च्या कायद्यानुसार मुलांच्या खेळण्यांत डीईएचपीसह तीन थॅलेट प्रत्येकी ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाहीत.

'बीपीए-फ्री'मध्ये आणखी एक पळवाट आहे. बीपीएच्या जागी अनेकदा बीपीएस, म्हणजे त्याच घराण्यातलं बिस्फेनॉल-एस, येतं, आणि प्रयोगशाळेत तेही इस्ट्रोजेनसारखं वागताना आढळलं आहे.

दोन्ही रसायनं साधारण एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. रोज नव्याने येत राहतात, ही अडचण. म्हणून गरम वरण-भाजी प्लॅस्टिकऐवजी स्टीलच्या डब्यात भरावी. बिल हातात चुरगळत बसू नये. घरात कुणी गरोदर असेल, तर तेवढे महिने सुगंधी लोशनऐवजी बिनवासाचं वापरावं.