सीमाभागातील रंजक रहस्यकथांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी घरांत हलक्याफुलक्या रहस्यकथा आवडीने वाचल्या गेल्या, मात्र त्या आवडीचा उल्लेख साहित्याच्या व्यासपीठावर क्वचितच झाला. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि १९५६ मध्ये हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून येथे मराठी पुस्तकाकडे अस्मितेची खूण म्हणून पाहिले गेले. ते साहजिकही होते. पण रोजच्या वाचनाची सवय टिकवण्यात खून, चोरी आणि पाठलाग यांच्या पुस्तकांचा वाटा मोठा होता, हे मान्य करायला हवे.

मराठीत या प्रकाराची सुरुवात रूपांतरांनी झाली. इंग्लंडमधील जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स याच्या कादंबऱ्यांवरून गो. ना. दातारशास्त्री यांनी भुयारे, वेषांतरे आणि कारस्थाने यांनी भरलेल्या रसाळ कादंबऱ्या रचल्या. त्यांत कोडे उलगडण्यापेक्षा उत्कंठा वाढवण्याकडेच अधिक लक्ष असे.

खरा बदल घडवला तो बाबूराव अर्नाळकर यांनी. एक हजाराहून अधिक कथा लिहिणाऱ्या या लेखकाने धनंजय आणि छोटू ही गुप्तहेरांची जोडी निर्माण केलीच; शिवाय झुंजार आणि काळापहाड हे कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना धडा शिकवणारे नायकही दिले. नायक सुखरूप सुटणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते आणि उत्सुकता उरते ती फक्त तो कसा सुटणार याची. या कथांचा हलकेपणा नेमका येथे आहे. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांनी हा वाचक सांभाळला. शिरवळकरांचा वकील नायक अमर विश्वास आणि धाडसी फिरोज इराणी यांच्यावर कॉलेजातील मुलांचे विशेष प्रेम होते.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे असले, तरी ही पुस्तके मुख्यतः फिरली ती गल्लीतल्या भाड्याच्या वाचनालयांतून. खाकी कव्हर घातलेले, कोपरे दुमडलेले पुस्तक एका रात्रीसाठी घरी यायचे आणि सकाळी परत द्यायचे असल्याने ते आई, काका आणि थोरला भाऊ यांच्यात आळीपाळीने वाचले जाई. आधीच्या एखाद्या खोडकर वाचकाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले असे. ते नाव खोटे निघाले, तर तोही एक आनंद असे. अशी पुस्तके चांगली की वाईट, याचा निकाल समीक्षकांनी फार घाईने दिला, असे माझे मत आहे.

सीमाभागाचे वेगळेपण असे, की शेजारी कन्नडमध्येही हीच हौस होती. एन. नरसिंहय्या यांच्या पत्तेदारी, म्हणजे गुप्तहेरी, कादंबऱ्यांमधला पुरुषोत्तम कन्नड वाचकांत लोकप्रिय होता, आणि दोन्ही लिप्या वाचता येणाऱ्या मुलाला झुंजार आणि पुरुषोत्तम यांत निवड करण्याचे काही कारण नव्हते. पडद्यावर तर भाषेची अडचण आणखी कमी होती. १९६८ मध्ये कन्नड अभिनेते डॉ. राजकुमार यांनी ‘जेडर बले’ आणि ‘गोवादल्ली सीआयडी ९९९’ या चित्रपटांत गुप्तहेर साकारला. दुसऱ्याच्या नावातला गोवा म्हणजे बेळगावकरांचा घाटाखालचा शेजारीच.

मराठी पडद्यावर राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) गंभीर वळणाचा होता आणि त्यावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) निघाला. गुन्ह्याकडे हसत पाहण्याची रीत रुळली ती ऐंशीच्या दशकात. ‘गंमत जंमत’ (१९८७) मध्ये अपहरण करणारेच गोत्यात येतात, तर ‘थरथराट’ (१९८९) मधल्या टकलू हैवानाची भीती वाटण्याऐवजी मुले गल्लीत त्याच्या नकला करू लागली. दरम्यान १९८५ मध्ये दूरदर्शनवर गाजर खाणारा करमचंद आला होता आणि गुप्तहेर विनोदी असू शकतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही पटले होते.

बालवाचकांसाठी हे काम भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेने आधीच केले होते. २०१७ च्या चित्रपटात फुरसुंगीचा हा मुलगा मोठा झालेला दिसतो आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेतील गैरव्यवहाराचा छडा लावतो. विषय गंभीर झाला, मूळ कथांमधला सायकलवरचा उनाडपणा बराच कमी झाला. त्याचे ठेवणीतले ‘ट्टॉक्’ मात्र दिग्दर्शकाने शहाणपणाने राखले.