वाऱ्यात होडी आवरणारी झोळी : घेण्याआधी आणि पाण्यात सोडण्याआधी वाचा

सकाळी मतलई वारा असतो, समुद्र सपाट असतो. दुपार होता होता वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि फेब्रुवारी ते मे या महिन्यांत तो चांगलाच जोर धरतो. खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ जागेवर, होडी आणून मासळीसाठी गरी सोडावी, तर शिसे तळाला टेकेपर्यंत होडी पुढे सरकलेली असते. ताशी 3 किलोमीटर हा वेग ऐकायला काहीच नाही, पण तो मिनिटाला 50 मीटर होतो. शंभर मीटरचे खडप दोन मिनिटांत मागे पडते. मग इंजिन चालू करा, पुन्हा वर या, पुन्हा गरी सोडा.

यासाठी आम्ही जी वस्तू शिवतो तिला बाजारात ड्रिफ्ट सॉक म्हणतात. आमच्याकडे येणारे तिला झोळीच म्हणतात, आणि तेच नाव बरोबर आहे. नायलॉनच्या मजबूत कापडाची ही नरसाळ्यासारखी पिशवी. तोंड मोठे, शेपटीला छोटे भोक. तोंडाच्या वरच्या कडेला फ्लोट आणि खालच्या कडेला शिसे, म्हणजे पाण्यात पडताच तोंड आपोआप उघडते. आत पाणी भरले की होडीला ते पाणी ओढत न्यावे लागते. शेपटीचे भोक कुणी शिवून बंद करू नका. त्यातून पाणी निघत राहते म्हणूनच झोळी डोलत, गरगरत नाही.

ही झोळी म्हणजे नांगर नव्हे. ती होडी थांबवत नाही, सावकाश करते. शिवाय ती फक्त वाऱ्याचे ढकलणे कमी करते, पाण्याच्या ओढीवर तिचा काही इलाज नाही. उलट झोळी पाण्याला धरून असते, म्हणून पाणी जाईल तिकडे ती होडीलाही नेते. गोव्यातल्या मांडवी, शापोरा किंवा साळ नदीच्या मुखाशी ओहोटी लागलेली असताना ती सोडू नका. ओहोटीचे पाणी बाहेर आणि खारा वारा आत, अशा वेळी तिथे लाटा आखूड आणि उभ्या उठतात. झोळी तुम्हाला नेमकी त्या लाटांतच नेईल.

केवढी घ्यावी, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. 14 फुटांपर्यंतच्या होडीला आम्ही तोंडाशी 24 इंच व्यासाची देतो, 16 फुटांना 30 इंची, 18 फुटांना 36 इंची. होडीवर छत असेल किंवा बाजू उंच असतील तर एक माप वरचे घ्या, कारण वारा तेवढा जास्त धरला जातो. सहा इंचांचा फरक दिसायला थोडा दिसतो, पण 24 पेक्षा 30 इंची तोंडाचे क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त भरते. आणि वाहण्याचा वेग निम्मा करायचा तर पाण्यातला अडथळा चौपट लागतो. म्हणूनच दोरीला बादली बांधून फारसा फरक पडत नाही. वर जोराच्या हिसक्यात बादलीची कडी निसटते ती निराळीच.

आता सगळ्यात महत्त्वाचे. झोळी बांधायची ती पुढे, नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला. वाऱ्यात मोकळी सोडलेली होडी आडवी होते आणि लाटा कुशीवर घेते. नाळेला झोळी असली की नाळ वाऱ्याकडे तोंड करून राहते आणि लाट फोडते. मागे, इंजिनाच्या बाजूला, कधीही बांधू नका. तिथे काठ खाली असतो, त्यात इंजिनाचे वजन, आणि वर झोळीने ती बाजू ओढून धरली तर येणारी लाट सरळ आत येते. पाणी अगदी शांत असेल आणि दोघातिघांना एका बाजूने गरवायचे असेल, तर झोळी कुशीला बांधतात. ते चालेल, पण लाट वाढायला लागली की लगेच नाळेवर घ्या. उलांडीच्या होडीत (जिला तोल राखायला बाजूला तरंगता ओंडका असतो) उलांडीच्या काठ्यांना बांधू नका, तिथल्या बांधण्या हिसक्याने सैल होतात.

दोरी होडीच्या लांबीएवढी पुरते. ती सैल पडून पुन्हा हिसका देत असेल तर आणखी सोडा. दोरी आणि झोळी यांच्यामध्ये आम्ही स्टीलची फिरकी देतो. पहिल्या वर्षी दिलेल्या झोळ्यांना ती नव्हती. एक झोळी परत आली तेव्हा दोरीला इतके पीळ पडले होते की तोंड दोरीला जोडणारे चारही पट्टे एकात एक गुंतून तोंडच मिटले होते. चूक आमची होती. ती झोळी बदलून दिली, आणि तेव्हापासून फिरकीशिवाय एकही झोळी दुकानाबाहेर जात नाही.

शेपटीला दुसरी बारीक दोरी असते. ती मुख्य दोरीपेक्षा लांब ठेवा आणि सैल सोडा. झोळी काढताना हीच ओढायची, म्हणजे झोळी उलटते, पाणी निघून जाते आणि एका हाताने ती वर येते. 30 इंची झोळीत शंभर लिटरहून जास्त पाणी मावते. मुख्य दोरीने भरलेली झोळी ओढायला गेलात, तर सगळे एका बाजूला वाकाल आणि होडी कलेल. दोन्ही दोऱ्या आत आल्याची खात्री झाल्यावरच इंजिन चालू करा. तरंगणारी दोरी पंख्यात सापडायला क्षणही लागत नाही.

मासळी गरवायची नसली तरी झोळी होडीत असू द्या. इंजिन बंद पडले तर ती नाळेला सोडा, लाइफ जॅकेट घाला आणि तटरक्षक दलाच्या 1554 या क्रमांकावर फोन करा. मदत येईपर्यंत तुम्ही कमी अंतर वाहून जाल आणि होडी आडवी होणार नाही.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हाने नायलॉन कुजतो, आणि ओली गुंडाळून ठेवली तर बुरशी धरते. तोंडाच्या पट्ट्यांची शिवण दर महिन्याला बोटाने चाचपून पाहा, उसवायला सुरुवात तिथूनच होते. उसवली तर घरच्या सुती दोऱ्याने शिवू नका, तो खाऱ्या पाण्यात टिकत नाही. आमच्याकडे आणा. आम्ही शिवलेल्या झोळीची शिवण आम्ही फुकट घालून देतो. येताना दोरी आणि फिरकीही आणा, तीही तपासून देऊ.