शरीरातील वैद्यकीय उपकरणांची स्थाननिश्चिती

रुग्णाच्या शरीरात सरकवलेली नळी, सुई किंवा तार नेमकी कुठे पोहोचली आहे, हे उपचार चालू असतानाच ओळखण्याच्या पद्धती.

सर्वांत रुळलेली पद्धत क्ष-किरणांची. १९२९ मध्ये जर्मन डॉक्टर व्हेर्नर फोर्समान याने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून हृदयाकडे नळी सरकवली आणि ती पोहोचल्याची खात्री क्ष-किरणाखाली करून घेतली. या धाडसाला १९५६ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मुंबईच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयापर्यंत नळ्या-तारा सरकवण्याच्या कक्षात, अँजिओप्लास्टीची तार आजही याच तत्त्वावर पडद्यावर दिसते. हाडात स्क्रू बसवताना सी-आर्म, म्हणजे इंग्रजी C च्या आकाराचे हलवता येणारे क्ष-किरण यंत्र, वापरतात. मात्र रोज तिथे उभे राहणाऱ्या डॉक्टर-तंत्रज्ञांनाही किरणोत्सर्ग सोसावा लागतो. म्हणून शिशाचा अ‍ॅप्रन आणि अंगावर किती किरणोत्सर्ग झाला ते मोजणारा टीएलडी बिल्ला. अशा यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे (स्थापना १९८३) मुख्यालय मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे.

किरणांशिवायचे दोन मार्ग आहेत. प्रकाशीय पद्धतीत अवजाराच्या मुठीवरचे चकचकीत गोळे अवरक्त कॅमेरे टिपतात. मध्ये कुणी आडवे आले की माग तुटतो. विद्युतचुंबकीय पद्धतीत टोकाशी बसवलेल्या बारीक वेटोळ्यात, बाहेरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे निर्माण होणारा विद्युतदाब मोजून जागा काढतात. त्यामुळे वाकणारी नळीही सापडते, पण जवळच्या लोखंडी वस्तूंनी मापन बिघडते. दोन्हींत ही जागा आधी काढलेल्या सीटी किंवा एमआरआयवर दाखवली जाते, आणि खरी अडचण इथेच आहे. कवटी उघडून मस्तिष्कद्रव वाहून गेला की मेंदू खचतो. पडद्यावरचा मेंदू मात्र सकाळचाच असतो.

रोजच्या व्यवहारात साध्या नळ्यांची खातरजमा जास्त महत्त्वाची, हे सहसा विसरले जाते. नाकातून जठरात घातलेल्या राइल्स ट्यूबमध्ये हवा मारून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जुनी सवय भरवशाची नाही. नळी फुफ्फुसात गेली तरी तसाच आवाज येऊ शकतो. ओढून काढलेल्या द्रवाची आम्लता तपासणे किंवा एक्स-रे काढणे बरे.

दीर्घ किमोथेरपीसाठी दंडाच्या शिरेतून हृदयाजवळपर्यंत घालतात त्या लांब नळीचे, म्हणजे पिक लाइनचे, टोक ईसीजीवरूनही कळते: टोक हृदयाच्या उजव्या कर्णिकेपाशी येते तशी ईसीजीतली कर्णिकांची ‘पी’ लहर उंच होते. कर्णिकांचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णात ही लहरच नसते, तेव्हा पुन्हा एक्स-रेच काढावा लागतो.