पाच गोलांचा हिशेब : कोलकात्याच्या डर्बीतील टोमण्यांची पार्श्वभूमी

कोलकात्याची डर्बी म्हणजे शहरातील ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन जुन्या फुटबॉल क्लबांची लढत. इंडियन सुपर लीग (आयएसएल) या देशातील सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये ईस्ट बंगाल २०२०-२१ च्या हंगामापासून खेळू लागला आणि पहिल्या पाच हंगामांत तो चार वेळा नवव्या व एकदा, २०२१-२२ मध्ये, अकराव्या म्हणजे अगदी तळाच्या स्थानावर राहिला. त्याच काळात मोहन बागानने २०२२-२३ चा करंडक, २०२३-२४ ची शील्ड (शील्ड गुणतक्त्यातील पहिल्या संघाला, करंडक बाद फेरीच्या विजेत्याला) आणि २०२४-२५ मध्ये शील्ड व करंडक दोन्ही पटकावले. गुणतक्त्यात एवढी दरी असताना मोहन बागानच्या समर्थकांना टोमणे शोधत फिरावे लागले नाही. तरीही कोलकात्यातील ही चेष्टा केवळ गुणतक्त्याची नाही. ती शंभर वर्षांची असून तिच्यात गाव, बोली, स्वयंपाकघर, फाळणी आणि जुन्या सामन्यांचे निकाल असे बरेच काही साठलेले आहे. आज ती मुख्यतः संघाच्या कामगिरीवर बेतलेली दिसते. सुरुवातीला मात्र तिचा रोख माणूस कुठून आला यावर होता.

मोहन बागानची स्थापना १८८९ ची. २९ जुलै १९११ रोजी या क्लबने आयएफए शील्ड या कोलकात्यातील स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ असे हरवले, तेव्हा त्याला उभ्या बंगालचा पाठिंबा होता. पुढे जे घडले ते पाहता एक गोष्ट मौजेची वाटते : कर्णधार शिवदास भादुडी यांच्यासह त्या संघातील अनेक खेळाडू मूळचे पूर्व बंगालचे होते. ईस्ट बंगालचा जन्म नऊ वर्षांनी एका रुसव्यातून झाला. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार कपात जोडाबागान आणि मोहन बागान यांची गाठ पडली. त्या सामन्यात जोडाबागानने शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूला वगळले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांना ते खटकले आणि त्यांनी क्लब सोडला. संतोष संस्थानचे राजे मन्मथनाथ चौधरी (आजच्या संतोष ट्रॉफीचे नाव याच संतोषवरून आले आहे) आणि आणखी काही मंडळींना सोबत घेऊन त्यांनी १ ऑगस्टला नवा क्लब काढला. लीगमधील या दोन संघांची पहिली लढत २८ मे १९२५ रोजी झाली आणि ती ईस्ट बंगालने १-० अशी जिंकली.

१९४७ पर्यंत ही चुरस एका प्रांतातील दोन भागांची होती. फाळणीने तिचा पोत बदलला. पूर्व पाकिस्तानातून लाखो माणसे कोलकात्यात आली आणि यादवपूर, विजयगड अशा दक्षिणेकडील भागांत त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. घर, जमीन आणि मानमरातब मागे टाकून आलेल्या या माणसांना ‘आपले’ म्हणता येईल असे नव्या शहरात फारसे काही नव्हते. ईस्ट बंगाल मात्र नावासकट त्यांचा होता. कोलकात्याच्या जुन्या रहिवाशांना, म्हणजे घोटींना, हे ‘बांगाल’ लोक आगंतुक वाटत. त्यांची बोली, तिखटाचा सोस, सुक्या मासळीचा वास या साऱ्यांची टवाळी होई. बांगालही गप्प बसणारे नव्हते. घोटींच्या डाळीत-भाजीत साखर पडते आणि त्यांची मजल पोस्तोच्या म्हणजे खसखशीच्या पलीकडे जात नाही, हे त्यांचे ठरलेले उत्तर. निर्वासितांच्या हलाखीवरून पडलेले ‘लोटा’ हे कुत्सित नाव ईस्ट बंगालच्या समर्थकांना आजही ऐकून घ्यावे लागते. मोहन बागानवाल्यांना तसेच ‘माचा’ (बंगालीत मचाण) म्हणून हिणवले जाते.

पण ज्या संघाच्या बळावर निर्वासितांची मान ताठ झाली, त्याचे मोहरे बंगाली नव्हतेच. १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षे ईस्ट बंगालने आयएफए शील्ड जिंकली ती व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह या आघाडीच्या पाच खेळाडूंच्या जोरावर. कोलकात्याने ज्यांना ‘पंचपांडव’ म्हटले ते हे पाचही जण दक्षिण भारतातून आलेले होते. घोटी-बांगाल वाद मैदानात खेळला जात नव्हता, तो गॅलरीत चालत होता. खेळाडू भाड्याचे असतात, समर्थक वंशपरंपरेचा असतो, हे तिथे तेव्हापासूनच गृहीत आहे. म्हणूनच टोमणा खेळाडूपेक्षा समर्थकाला अधिक झोंबतो.

माशांचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. पद्मा नदीतील हिलसा मासा हे पूर्व बंगालच्या माणसाचे अभिमानस्थान, तर मोठी कोळंबी म्हणजे चिंगडी ही घोटींची खूण. ईस्ट बंगाल जिंकला की बाजारात हिलशाचा भाव चढतो, मोहन बागान जिंकला की चिंगडीचा, असे शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. सामना जिंकल्यावर हिलसा केवळ घरी शिजवून भागत नाही. तो दोरीला बांधून, उंच धरून, मोहन बागानवाल्या शेजाऱ्याच्या दारावरून मिरवीत न्यायचा असतो. या थट्टेची लागण मुंबईपर्यंत पोहोचली होती. पूर्व बंगालमधील कोमिल्लाचे सचिनदेव बर्मन ईस्ट बंगालचे, तर उत्तर कोलकात्याचे मन्ना डे मोहन बागानचे, आणि रोव्हर्स कपसाठी हे क्लब कूपरेज मैदानावर उतरले की मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील बंगाली मंडळींत उघड दोन तट पडत. रोव्हर्स कप मोहन बागानने चौदा वेळा आणि ईस्ट बंगालने दहा वेळा जिंकला असल्याने मुंबईकरांनाही ही जुगलबंदी अपरिचित नव्हती.

मूळ गावावरून होणारी चेष्टा निकालांकडे वळली ती विशेषतः सत्तरच्या दशकात. ईस्ट बंगालने १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षे कोलकाता लीग जिंकली. ३० सप्टेंबर १९७५ रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात त्याने मोहन बागानला ५-० असे धुतले. श्याम थापा यांनी त्या दिवशी दोन गोल केले, शिवाय एक पेनल्टी वाया घालवली. म्हणजे सहाही झाले असते, हे ईस्ट बंगालचा समर्थक आवर्जून सांगतो. पराभवानंतर चिडलेल्या जमावाच्या भीतीने मोहन बागानच्या काही खेळाडूंनी गंगेत नावेवर रात्र काढली, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने त्या अपमानापायी आत्महत्या केली, आणि पुढच्या जन्मी मोठा फुटबॉलपटू होऊन या पराभवाचा सूड घेईन अशा आशयाची चिठ्ठी मागे ठेवली. ‘पाच’ हा आकडा तेव्हापासून कोलकात्यात नुसता आकडा राहिलेला नाही. मोहन बागानने उत्तर द्यायला फार वेळ लावला नाही. २४ जुलै १९७६ च्या लीग सामन्यात महंमद अकबर यांनी सतराव्या सेकंदाला गोल केला, तोच निर्णायक ठरला आणि सहा वर्षांची मालिका तुटली. पण सतरा सेकंदांचा एक गोल पाच गोलांची बरोबरी करू शकत नाही, हे देणारा आणि घेणारा दोघेही जाणून होते.

चेष्टेला मारामारीची किनार असणे नवीन नव्हते. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर दोन्ही संघांतील एकेक खेळाडू मैदानाबाहेर काढला गेला, गॅलरीत हाणामारी जुंपली, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा समर्थकांचा जीव गेला. तो दिवस कोलकात्यात आजही रक्तदान करून पाळला जातो.

टोमणा केवळ समर्थकांपुरता राहिला नाही याचा सर्वांत बोलका दाखला १३ जुलै १९९७ चा आहे. फेडरेशन कपचा उपांत्य सामना होता. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी त्या मोसमात ‘डायमंड’ नावाची आक्रमक रचना आणली होती आणि तिच्यापुढे भलेभले संघ कोलमडत होते. सामन्याआधीच्या दिवसांत दत्त यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची वर्तमानपत्रांतून यथेच्छ खिल्ली उडवली : बायचुंग भुतिया झाला ‘चुंग-चुंग’, केनियाचा सॅमी ओमोलो झाला ‘ऑम्लेट’ आणि सोसोचे झाले ‘शशा’, म्हणजे काकडी. समोर ईस्ट बंगालचे प्रशिक्षक होते पी. के. बॅनर्जी, आणि या दोघांची स्पर्धा जुनी होती. बॅनर्जी यांनी या शेऱ्यांना जाहीर प्रत्युत्तर देण्यापेक्षा तीच कात्रणे आपल्या खेळाडूंना चिथावण्यासाठी वापरली, असे म्हणतात. सॉल्ट लेक स्टेडियममध्ये १,३१,७८१ प्रेक्षक जमले. भारतात फुटबॉलच्या सामन्याला एवढी गर्दी ना त्याआधी झाली होती, ना त्यानंतर झाली. ईस्ट बंगाल ४-१ असा जिंकला आणि ज्याला ‘चुंग-चुंग’ म्हटले त्या बायचुंगनेच तीन गोल केले. दत्त यांची रचना वाईट नव्हती, हे येथे नोंदवायला हवे. त्या मोसमात तितके देखणे फुटबॉल दुसरे कोणी खेळत नव्हते. पण लोकांच्या लक्षात राहिली ती रचना नव्हे, तर तोंडावर पडलेली थट्टा. कोलकात्यात प्रशिक्षकाने सामन्याआधी तोंड सांभाळावे हे सांगायला अजूनही याच सामन्याचे उदाहरण दिले जाते.

१९९८ मध्ये एक वेगळीच गंमत झाली. विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाने दोन्ही क्लबांत पैसा घातला आणि एक झाला ‘किंगफिशर ईस्ट बंगाल’, तर दुसरा ‘मॅकडॉवेल मोहन बागान’. मालकीत वाटा एकाच दारूवाल्या उद्योगाचा, आणि गॅलरीतून एकमेकांच्या नावाने शंख, असे चित्र बरीच वर्षे दिसले.

पाच गोलांची परतफेड मोहन बागानने अखेर २५ ऑक्टोबर २००९ रोजी केली. आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगच्या त्या सामन्यात त्याने ईस्ट बंगालला ५-३ असे हरवले, त्यातील चार गोल एकट्या एडे चिडीचे. आपले पाच फिटले, असे मोहन बागानवाले म्हणू लागले. ईस्ट बंगालच्या गोटाने हा हिशेब कधीच मान्य केला नाही. पाच खाऊन शून्य करणे आणि पाच खाऊन तीन करणे यांत फरक आहे, असे त्यांचे म्हणणे. तीन वर्षांनी त्यांना आणखी एक हत्यार मिळाले. ९ डिसेंबर २०१२ च्या सामन्यात गॅलरीतून भिरकावलेला दगड मोहन बागानच्या रहीम नबी यांना लागला आणि मध्यंतरानंतर मोहन बागान मैदानात उतरलाच नाही. भारतीय फुटबॉल महासंघाने आधी क्लबवर दोन वर्षांची बंदी घातली, नंतर ती उठवून दोन कोटींचा दंड केला आणि संघाचे गुण शून्यावर आणले. नबी यांची दुखापत खरी होती. तरीही ‘पळपुटे’ हा शिक्का बसायचा तो बसलाच.

त्या दशकात ईस्ट बंगालने २०१० पासून सलग आठ वेळा कोलकाता लीग जिंकली, पण राष्ट्रीय लीगचे विजेतेपद २००३-०४ नंतर त्याच्या वाट्याला आले नव्हते. २०१८-१९ मध्ये तर ते चेन्नई सिटीमुळे अवघ्या एका गुणाने हुकले. मोहन बागानने २०१४-१५ आणि २०१९-२० अशी दोनदा आय-लीग जिंकली होती. साहजिकच एकाने लीगच्या मोजदादीची भाषा करायची आणि दुसऱ्याने ती गल्लीतील लीग म्हणून उडवून लावायची, हा क्रम ठरून गेला. २०२० मध्ये मोहन बागान आयएसएलमधील कोलकात्याच्याच एटीके या क्लबमध्ये विलीन झाला तेव्हा ईस्ट बंगालच्या समर्थकांना नवा विषय मिळाला : नाव विकले, जर्सी विकली, एकशे तीस वर्षांचा वारसा विकला. हा टोमणा मोहन बागानवाल्यांना गुणतक्त्यापेक्षा जास्त लागला, कारण तो त्यांच्या स्वतःच्या मनातही होता. त्यांनीच एटीके हे नाव काढण्याची मोहीम चालवली आणि १८ मार्च २०२३ रोजी गोव्यात फातोर्ड्याला बंगळुरूवर पेनल्टींमध्ये मात करून करंडक जिंकल्यावर मालक संजीव गोएंका यांनी नामबदल जाहीर केला.

गोव्याचा या कथेशी आणखीही संबंध आहे. कोविडच्या साथीच्या काळात संपूर्ण लीग गोव्यात, रिकाम्या स्टेडियमांत खेळवली गेली. आयएसएलमधील पहिली कोलकाता डर्बी २७ नोव्हेंबर २०२० रोजी वास्कोच्या टिळक मैदानावर झाली आणि मोहन बागान २-० असा जिंकला. ज्या सामन्याचा प्राणच गॅलरी, तो गॅलरीशिवाय झाला, आणि सगळी टिंगल फोनच्या पडद्यावर सरकली. २९ जानेवारी २०२२ रोजी फातोर्ड्याला बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या कियान नासिरीने तीन गोल करून मोहन बागानला ३-१ असे जिंकून दिले. कियानचे वडील जमशेद नासिरी हे ऐंशीच्या दशकात ईस्ट बंगालच्या समर्थकांनी डोक्यावर घेतलेले इराणी खेळाडू. याहून बोचरा टोमणा कुणाला ठरवूनही रचता आला नसता.

ईस्ट बंगालची डर्बीतील पराभवांची मालिका १२ ऑगस्ट २०२३ रोजी ड्युरँड कपमध्ये नंदकुमारच्या एका गोलाने थांबली. त्याआधीचा विजय जानेवारी २०१९ मधील होता. तीनच आठवड्यांनी त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत दहा खेळाडूंनिशी खेळून मोहन बागानने १-० अशी भरपाई केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये सुपर कपात ईस्ट बंगालने ३-१ ने ती उलटवली. १८ ऑगस्ट २०२४ ची डर्बी मात्र झालीच नाही. आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टरच्या बलात्कार व हत्येनंतर शहर पेटलेले होते आणि सुरक्षेच्या कारणावरून सामना रद्द झाला. त्या संध्याकाळी दोन्ही क्लबांचे समर्थक आपापले झेंडे घेऊन स्टेडियमबाहेर जमले, एकत्र घोषणा दिल्या आणि पोलिसांच्या लाठ्याही एकत्र खाल्ल्या.

त्यानंतर एका वर्षाने, १७ ऑगस्ट २०२५ रोजी, ड्युरँड कपच्या उपांत्यपूर्व फेरीत ईस्ट बंगालने दिमित्रियोस डायमांटाकोसच्या दोन गोलांमुळे मोहन बागानला २-१ असे बाहेर काढले. गुणतक्त्यात नववे असलो तरी समोरासमोर आम्हीच, असे म्हणायची सोय झाली. ती तीन दिवस टिकली. २० ऑगस्टला उपांत्य सामन्यात ईस्ट बंगाल डायमंड हार्बर या २०२२ मध्ये स्थापन झालेल्या क्लबकडून २-१ असा हरला.